काँक्रीटचे सात दिवस

३ मार्च

हॅड्रिक परत आलाय. दुपारी जलकेंद्राच्या दारात त्याची गाडी दिसली. माझ्या हातात पाण्याच्या नमुन्याची बाटली होती. ती टेबलावर ठेवली आणि हात धुतले. पाच मिनिटं धुतले असतील.

कोर्ट पुन्हा करायचंय, मुलींच्या नेटबॉलचं. मागच्या वर्षीचं पहिल्या महिन्यातच तडकलं. आता नगरपालिकेनं त्यालाच सांगितलंय – तू केलंस, तूच उखड, तूच नीट कर. हेही बिघडलं तर पोर्ट ऑगस्टाच्या वर, या सगळ्या वाळवंटात, त्याला कुणी पायरीचं कामसुद्धा देणार नाही.

हे ऐकल्यापासून डोकं अगदी शांत आहे.

४ मार्च

लिहायचं नव्हतं. पण इथे नाही तर कुठे लिहू.

गेल्या वर्षी, ११ फेब्रुवारी, इथला ऐन उन्हाळा. आपल्याकडे काँक्रीट पहाटे ओततात, सूर्य डोक्यावर यायच्या आत थापी फिरून झाली पाहिजे. पहिला ट्रक पाचला आला. दुसरा वाटेत बिघडला. दहा वाजता दुरुस्त झाला, तेव्हा इथे बेचाळीस अंश होतं. ट्रक माघारी पाठवायला हवा होता. पाठवला असता तर काय झालं असतं? कोर्टाच्या मधोमध एक सांधा राहिला असता. जुनं काँक्रीट आणि नवं काँक्रीट यांच्यामध्ये एक रेघ. बस.

ट्रक बारा वाजता आला. काँक्रीट खाली पडतापडता घट्ट होत होतं. माझा भाऊ योसो गुडघ्यांवर बसून तीन वाजेपर्यंत थापी मारत होता. मग उठून कुंपणाशी टेकला आणि म्हणाला, थंडी वाजतेय. डॉक्टरांचं विमान उतरायच्या आधी गेला. एकोणपन्नास वर्षांचा.

चौकशीत हॅड्रिक उभा राहिला. "ट्रक मी बोलावला. जबाबदारी माझी." पुढे एक शब्द नाही. माझ्याकडे पाहिलं नाही, वहिनीकडे पाहिलं नाही. दंड भरला आणि समुद्रकाठच्या आपल्या घरी गेला.

निदान खोटं तरी बोलायचं होतंस. मीच बोलावला, हे इतक्या सहज?

६ मार्च

आज ऑफिसात आला. टोपी हातात धरून.

"मिलका, स्लॅबला सात दिवस पाणी मारायचंय. रोज तीन टँकर लागतील. कुठल्या नळावरून घेऊ?"

आमच्याकडे नळ दोन. एक नंबरचं पाणी आम्ही मीठ काढून गोडं करतो, ते प्यायला. दोन नंबरला बोअरचं खारं पाणी थेट येतं, ते रस्त्यावर धूळ बसवायला. गावातलं शेंबडं पोरही दोन नंबरला तोंड लावत नाही. पण हा बाहेरचा. महिनाभर येतो, विकतचं बाटलीतलं पाणी पितो, जातो.

मी वहीत पाहिल्यासारखं केलं.

"एक नंबरला आधीच ताण आहे. उन्हाळा आहे."

"मग दोन नंबरचं चालेल? तपासणारी तू. तू म्हणशील तसं. नसेल चालत तर मी लांबून आणीन, मला त्याचं काही नाही."

"चालेल."

तेरा महिन्यांत त्याच्याशी आज पहिल्यांदा बोलले. चिठ्ठी लिहून दिली, सही केली. त्यानं घडी करून खिशात ठेवली. थँक्स म्हणाला.

७ मार्च

चालेल.

९ मार्च

रविवार. वहिनीकडे जेवायला. तिनं सारमा केला होता, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, योसोला आवडायचा तसा, पानं जास्त आंबट. इथली घरं जमिनीखाली; तिच्या स्वयंपाकघरात बाहेर कितीही ऊन असलं तरी गार वाटतं. योसोनं खोदलं होतं, हातानं.

झोर्का वहिनी म्हणाली, "वन्सं, काळे कपडे सोडा आता. बहिणीनं एक वर्ष घालायचे. तेरा महिने झाले. मीच लोकांना उत्तरं देते."

"सोडीन. जरा थांब."

"कशासाठी थांबायचं?"

मी सारमा वाढून घेतला.

नादाचे गुडघे पाहिले. खडीच्या मैदानावर सराव करून दोन्हीवर खपल्या. योसोची ही एकुलती एक. "आत्या, मेमध्ये पहिली मॅच इथे. दर शनिवारी अडीचशे किलोमीटर जाऊन हरतो आम्ही. आता घरच्या घरी हरू." स्वतःच हसली. कोर्ट झालं नाही तर लीग आमचा संघ काढून टाकणार आहे, हेही तिनं सांगितलं, भाकरी मोडतामोडता.

मला ते माहीत नव्हतं.

घरी येऊन हिशेब मांडला. काँक्रीट सात दिवस खारं पाणी पिणार. महिनाभर वाळणार. मग वर रंग. रंग छान दिसेल – हिरवा, पांढऱ्या रेघा. पहिल्या हिवाळ्यात काही नाही. मग ऊन तापलं की मीठ खालून वर येईल, रंगाला फोड येतील आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पापुद्रे निघतील. आतली सळईसुद्धा गंजेल. त्याला कळणारही नाही कशानं.

म्हणजे संघाला एक मोसम मिळेल. पुढच्या वर्षी नादा तशीही अॅडलेडला शिकायला जाणार. बाकीच्या पोरी – बाकीच्या पोरींचे बाप जिवंत आहेत.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

१० मार्च

आज ओतलं. पहाटे चारला सुरू, साडेसातला संपलं. दोन्ही ट्रक वेळेवर. मी कामावर जाताना कुंपणाशी थांबले.

या वेळी सगळं होतं. ताडपत्रीची सावली, बर्फाची पेटी. आरोग्यकेंद्राची नर्स खुर्ची टाकून बसलेली. दर वीस मिनिटांनी हॅड्रिक शिट्टी मारायचा आणि सगळे पाणी प्यायचे. एक जण म्हणाला, "मला तहान नाही." हा म्हणाला, "तहान लागायची वाट बघायची नसते. पी."

हे सगळं येत होतं तर तुला! तेव्हा का नाही?

पूर्वेकडचा कोपरा त्यानं दुसऱ्या कुणाला दिला नाही. स्वतः गुडघे टेकून थापी मारली. योसो तिथेच बसला होता. नाटकं.

११ मार्च

गोणपाटं अंथरली, पहिला टँकर सोडला. दोन नंबरचा. मी जेवणाच्या सुटीत जाऊन पाहून आले. काळं, ओलं, शांत.

रात्री झोप चांगली लागली. किती महिन्यांनी.

१३ मार्च

क्लबात गेले. मी सहसा जात नाही. स्टीपे काका बारपाशी – ऐंशीचे, अजून खाणीत उतरतात. हॅड्रिक पलीकडच्या टेबलावर जेवत होता.

स्टीपे काका मोठ्यानं म्हणाले, "अरे हॅड्रिक, ती गोणपाटं कडेनं पांढरी पडलीत. काँक्रीट करतोयस का मासे खारवतोयस?"

सगळे हसले. हॅड्रिकही हसला. "चुना फुटतोय, काका. नव्या सिमेंटला फुटतोच."

"चुना! आमच्या आईनं पन्नास वर्षं मासे खारवले, मला चुना सांगतो."

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. काळे कपडे पाहिले. ग्लास खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, पाणी तू देतेस ना त्याला?"

"हो."

"बरं," म्हणाले. विषय सोडला. पावसाचं बोलायला लागले, जो येत नाही.

त्यांना कळलं. ते बोलणार नाहीत. त्यांच्याच खाणीवर योसो सतराव्या वर्षी पहिल्यांदा कामाला लागला होता.

१४ मार्च

हॅड्रिक बाटली घेऊन आला. टँकरमधलं पाणी.

"म्हातारा बोलला ते डोक्यातून जात नाही. एकदा तपासून देशील? चूक असेल तर अजून वेळ आहे, गोड्या पाण्यानं धुऊन काढीन. पोरींचं कोर्ट आहे. दुसऱ्यांदा नको."

पोरींचं कोर्ट. याच्या तोंडी.

बाटली आत नेली. तपासायची गरजच नव्हती, तरी तपासली. सवय. मिठाचा आकडा आला तो आला. कागदावर मी वेगळा लिहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

त्यानं कागद वाचला. खांदे एकदम सैल झाले त्याचे. "तुला नसता त्रास दिला," म्हणाला. दारात थांबला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. "मिलका, योसो..."

"मला काम आहे," मी म्हणाले.

गेला.

१५ मार्च

योसोच्या कबरीवर जाऊन आले. त्याला सांगितलं. आधी वाऱ्यानं मेणबत्ती राहत नव्हती, मग राहिली.

१६ मार्च

आज सहावा दिवस. उद्या संपेल.

१७ मार्च

काँक्रीटच्या ट्रकचा ड्रायव्हर मर्व आज एक नंबरच्या नळावर पाणी भरायला आला. पिंप भरेपर्यंत बोलत उभा राहिला. म्हणाला, "वर्ष झालं, आता तुला सांगायला हरकत नाही. तुझ्या भावासारखा कारागीर पाहिला नाही. त्या दिवशी हॅड्रिक मला रेडिओवर सांगत होता, मागे फिर, आज बंद. तेवढ्यात तुझ्या भावानं रेडिओ हिसकावला. म्हणाला, तू ये रे. मधोमध सांधा राहिला तर माझी पोर त्यावर अडखळून पडेल. मी आलो. नंतर हॅड्रिकनं मला शपथ घातली – हे त्या पोरीच्या कानावर जाता कामा नये. मी घेतो माझ्यावर."

पिंप भरून वाहत होतं. नळ त्यानंच बंद केला.

दुपारी गोणपाटं काढली. मी गेले तेव्हा हॅड्रिक कडेला उभा होता, टोपी मागे सारून. स्लॅब पांढराशुभ्र.

"बघ," मला म्हणाला, "एक तडा नाही. तुझ्या पाण्यानं केलं हे."