विहाराचा पैसा, माझं खातं

३ फेब्रुवारी
संगीता, काल भाजीत मीठ विसरलीस, परवा या वहीत तारीख. आज आधी तारीख टाक, मग बोलते. सासू सांगणार, सून लिहिणार. चुकलं तर सुनेचं.

घरकुलाचा साहेब येऊन गेला. नवा नियम आलाय म्हणे, खात्यात ठरल्यापेक्षा जास्त शिल्लक असली की नाव कटतं. पासबुक बघून म्हणाला, "आजी, तुम्ही तर श्रीमंत."
म्हणलं, "वर बघा साहेब. पत्र्यातून ऊन गळतंय, ती माझी श्रीमंती."

पैसा माझा नाय. गल्लीनं विहाराच्या स्लॅबसाठी जमवलेला. मला सही येत नाय, एटीएम कळत नाय, अंगठ्याबिगर पैसा हलत नाय, म्हणून समद्यांनी माझ्याच खात्यात टाकला. अडाणीपणाला एवढी इज्जत दुसरीकडं नाय.

५ फेब्रु.
साहेबाला खरं ते सांगितलं. म्हणतो, ज्याचं खातं त्याचा पैसा. तो हलवा, पैसा गल्लीचा हाय असं गल्लीकडनं लिहून आणा, मग बघू.

संध्याकाळी बाया बोलावल्या. कोण घेतं आपल्या खात्यात? वंदनेला लई मोठा आवाज काढणाऱ्या साऱ्या चपला शोधायला लागल्या. समद्यांचेच घरकुलाचे अर्ज पडलेत. शांता म्हणे, "मावशी, या वयात तुम्हाला घर काय करायचं?"
म्हणलं, "बरं. तिरडी तुझ्या दारात बांधू. जागा हाय ना?"

६ फेब्रु.
अर्ज नसलेली एकच, सरूबाई. तिला मागंच घरकुल मिळालं. तिच्या नव्या फरशीवर मी चिखलाचे पाय घेऊन गेले, तवापासून बोलणं बंद. आज पाय धुऊन गेले.
"भरवसा हाय म्हणून नाय आले, तुला घर हाय म्हणून आले."
हसली नाय. पण चहा ठेवला. म्हणाली, "अंगठा मलाबी हाय."

१० फेब्रु.
बँकेत पैसा तिच्या खात्यात गेला. गल्लीचा कागद साहेबाला दिला. "वर पाठवतो," म्हणाला. वर म्हणजे कुठं, त्यालाबी ठाऊक नसावं. नाव राहिलं का कटलं, कळंल तवा कळंल.

येताना शांता कानात सांगून गेली, सरूबाईचा पोरगा नवी मोटारसायकल बघतोय. मुद्दाम सांगितलं. तरीबी...

संगीता, उद्या सकाळी सरूबाईकडं चार धपाटे पाठव, संग दही. मिरची कमी घाल, तिला सोसत नाय. परवाबी पाठव.