सिमेंटच्या आड

आई,
आधी आशीर्वाद दे, मग एवढ्या लांब कॅलिफोर्नियाला आले म्हणून शिव्या दे. मी बरी आहे. तुझ्या मिरच्यांच्या माळा वाळल्या का?

इथलं दुरुस्तीचं काम मात्र किळसवाणं आहे. गुरांच्या एका बड्या मालकाचं सव्वाशे वर्षांचं कच्च्या विटांचं घर. भिंती दीड हात जाड, वासे कातड्याच्या वाद्यांनी बांधलेले, अजून घट्ट. शंभर वर्षं बायकांनी ते दरसाल मातीनं लिंपलं. मग कुण्या शहाण्यानं वरून सिमेंट थापलं.

रखवालदार हॅलोरन छाती फुगवून म्हणाला, "बाई, पंचवीस वर्षांत साधी चीर नाही गेली!"

"भिंत कुठाय? ही नुसती साल आहे," म्हणत मी हातोडी मारली. पोपडा सुटला आणि काळा, कुजका चिखल भसकन पायावर आला, त्यात उंदराची पिल्लं. मी ओकले गं. बाहेरून सिमेंट कोरडंठाक, आतली वीट पाणी पिऊन सडलेली. मातीला श्वासच घेऊ दिला नाही मेल्यानं!

दिवसभर त्या सिमेंट थापणाऱ्याचा उद्धार केला. संध्याकाळी हात धुताना आठवलं. तुझे गुडघे दुखतात, दरसालचं लिंपण नको, म्हणून दोन उन्हाळ्यांपूर्वी आपल्या कच्च्या विटांच्या घराला सिमेंट मीच लावलं. तू नको नको म्हणत होतीस.

तुझ्या खाटेमागची भिंत तळाशी अंगठ्यानं दाबून बघ. दबली, तर खाट आजच फिदेलियामावशीकडे हलव. मी शनिवारी निघते, हातोडी घेऊन.

तुझी शहाणी लेक,
एलोइसा