नारळ कुणी फोडायचा

पप्पा, काल खंडेनवमी झाली. आज दसऱ्याची सुट्टी आहे, बायको आणि मुलगी बाजारात गेल्यात, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुमच्या मोजमापाच्या व्हर्नियरची लाकडी पेटी समोर ठेवून बसलोय. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आज सुचलंय ते काल कारखान्यात जे झालं त्यामुळे. आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. गेली सहा वर्षं अंबडच्या आमच्या मशीनशॉपमध्ये खंडेनवमीचा नारळ मी फोडत आलोय. तुमचा मुलगा. मशीनला हळद-कुंकू लावून, उदबत्ती ओवाळून, वर "चला रे, एक फोटो होऊन जाऊ द्या" असं म्हणत. हे ऐकून तुम्ही काय केलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. रागावला नसता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली असती आणि विचारलं असतं, "मनापासून फोडलास का?"

तुमच्या कारखान्यातला तुमचा लेथ मला अजून दिसतो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळेच आपापली मशीनं पुसायचे, पण तुमचं पुसणं वेगळंच होतं. रॉकेलमध्ये चिंधी भिजवून तुम्ही बेडच्या खाचांतून, चकच्या जबड्यांतून लोखंडाचा कीस असा काढायचात की तो लेथ उद्या बोहल्यावर चढणार आहे असं वाटावं. झेंडूच्या माळाही तुम्हीच ओवायचात, अख्ख्या शॉपच्या, कारण तुमच्यासारखी सरळ माळ दुसऱ्या कुणाला जमत नसे. मात्र पूजेचं ताट फिरत फिरत तुमच्यापाशी आलं की तुम्ही ते दोन्ही हातांनी घेऊन शेजारच्याकडे द्यायचात. कुंकू कपाळाला नाही, मशीनला नाही. इतक्या अदबीनं द्यायचात की कुणाच्या डोळ्यांत ते खुपलं नाही. तुमची प्रार्थना रोजची होती. सकाळी मशीन चालू करून तुम्ही टूलपोस्टवर हात ठेवून अर्धं मिनिट डोळे मिटायचात, आणि तुमच्या शॉपचे मिस्तरी नव्या माणसांना कौतुकानं सांगायचे, "ते बघा, बेअरिंगचा आवाज ऐकतायत. असा कान पाहिजे." तुम्ही एकदा त्यांना खरं काय ते सांगितलंत. मिस्तरी म्हणाले, "मग आमच्या मशीनसाठी पण करत जा की." त्यानंतर तुमचं अर्धं मिनिट एक मिनिट झालं.

मी बारा वर्षांचा असताना तुम्ही मला खंडेनवमीला कारखान्यात नेलं होतंत. मिस्तरींनी माझ्या हातावर खोबरं आणि पेढा ठेवला, गालाला हात लावला. मी सायकलच्या दांडीवर बसतो, आपण शरणपूरला घरी निघतो, आणि त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे मी तो पेढा गटारात टाकतो. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं की असलं काही खायचं नाही. मला वाटतं, आता पप्पा शाबासकी देणार. तुम्ही सायकल थांबवता.

"काय टाकलंस?"

"पेढा. पूजेचा होता."

"कुणी दिला होता?"

"मिस्तरींनी."

"त्यांनी तुला पूजा करायला सांगितली का?"

"नाही. पेढा दिला."

"मग तू त्यांचा पेढा टाकलास."

मी बाईंचं नाव पुढे केलं. तुम्ही म्हणालात, "बाईंशी मी रविवारी बोलेन. तू मिस्तरींशी आज बोल." आणि सायकल उलटी वळवलीत. मिस्तरींचं घर पाथर्डी फाट्याला होतं. मला वाटलं, आता माफी मागायला लावणार, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही मिस्तरींच्या दारात मला उभं केलंत आणि म्हणालात, "याला काहीतरी विचारायचंय." मग माझ्या कानात सांगितलंत काय विचारायचं ते. मी विचारलं, "काका, अजून एक पेढा आहे का?" काकू आतून हसतच आल्या, चार पेढे डब्यात घालून दिले, आणि तुम्ही मला तिथेच, त्यांच्यासमोर, एक खायला लावलात. त्याच डब्यातून नाताळात आईच्या करंज्या त्यांच्याकडे गेल्या. तो डबा अजून फिरतो, पप्पा. मिस्तरी गेले, काकू आहेत. झाकणाची कडी तुटली, पण डबा बदलायला त्या तयार नाहीत आणि आम्हीही नाही.

या सगळ्यावरून कुणाला वाटेल की तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेणारे, कुणाला न दुखवणारे गृहस्थ होतात. तसंही नव्हतं. मी आयटीआयला होतो त्या वर्षी मालकांनी तुमचा मान करायचं ठरवलं. शॉपमधले सगळ्यांत जुने तुम्ही, म्हणून यंदा नारळ तुमच्या हातून. हे मला मिस्तरींनी सांगितलं, तुम्ही घरी येऊन अवाक्षर काढलं नव्हतंत. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "साहेब, माझ्या हातून नको. मी ख्रिस्ती माणूस. पूजा तुमची खरी आहे, तिच्यात माझं खोटं कशाला?" त्या दिवाळीनंतर सुपरवायझरची जागा तुमच्या मागून लागलेल्या माणसाला मिळाली. आईनं नारळाचा आणि जागेचा संबंध जोडला, तुम्ही कधीच जोडला नाहीत. उलट नव्या सुपरवायझरच्या घरी आपला नाताळचा फराळ सगळ्यांत आधी गेला. तेव्हा मला तुमचा राग आला होता. एक नारळ फोडला असता तर काय बिघडलं असतं, असं मी आईला बोललोही होतो. आई कढईतली करंजी उलटत म्हणाली, "त्यांचं काही बिघडलं नसतं रे. यांचं बिघडलं असतं."

आता माझं ऐका. माझ्या आताच्या कंपनीत मी नऊ वर्षांपूर्वी लागलो. आपलं आडनाव असं की दर तिसऱ्या गल्लीत सापडावं, हिंदूंत आहे, बौद्धांत आहे, आपल्यातही आहे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी इनचार्ज झालो, आणि पहिल्याच खंडेनवमीला नारळ माझ्या हातात आला, कारण आमच्याकडे तो इनचार्जनंच फोडायचा असतो. मी फोडला. मनाला सांगितलं, हा आदर आहे, पप्पाही माळा ओवायचेच की. दुसऱ्या वर्षी सांगितलं, आता नाही म्हटलं तर विचित्र दिसेल. तिसऱ्या वर्षापासून मनाला काही सांगावंच लागलं नाही. रविवारी मी चर्चमध्ये उपासनेला पहिल्या बाकावर बसतो, मुलीला तिथल्याच दृढीकरणाच्या वर्गाला सोडतो, आणि शॉपमध्ये कुणी नाताळची सुट्टी कशाला असं विचारलं तर "मुलीच्या शाळेचं काहीतरी आहे" म्हणतो. खोटं बोलण्याची माझी पद्धत अशी, की कुणाला दुखवायचं नाही आणि स्वतःलाही त्रास नाही.

काल पूजेचं ताट नेहमीसारखं फिरत होतं. आमच्याकडे एक पेठ तालुक्याकडचा ऑपरेटर आहे, तिशीतला, श्रावणात लागलेला. अजून कायम झालेला नाही, त्याच्या कागदावर माझी सही व्हायचीय. त्याचं मशीन शॉपमध्ये सगळ्यांत स्वच्छ होतं, मी येताना पाहिलं होतं. ताट त्याच्यापाशी आलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शेजारच्याकडे दिलं. माझ्या हातात नारळ होता. पप्पा, मी तो नारळ इतका घट्ट धरला की शेंडी हातात आली.

"अरे, कुंकू लाव की मशीनला," आमचा सुपरवायझर म्हणाला.

"मी नाय लावीत, साहेब. मी ख्रिस्ती हाय. राग नका धरू."

दोघंतिघं हसले. सुपरवायझरला हसू आलं नाही. तो वाईट माणूस नाही, त्याला खरंच काळजी वाटली. माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुम्हीच समजवा याला. उद्या मशीनला काही झालं तर सगळे याच्यावर येतील. आणि तुम्ही सांगितलं तर ऐकेल, त्याला कायम व्हायचंय." सगळे माझ्याकडे बघत होते. पेठकडचा मात्र खाली, आपल्या बुटांकडे बघत होता. त्याला माहीत होतं की साहेब आता काय सांगणार. साहेबालाही माहीत होतं.

मी म्हणालो, "तो लावणार नाही. आणि मीही ख्रिस्ती आहे." कुणीतरी स्पीकरवरची आरती बंद केली. सुपरवायझर म्हणाला, "मग साहेब, इतकी वर्षं?" मी म्हणालो, "चुकलं माझं. पूजा तुमची खरी आहे, तिच्यात माझं खोटं कशाला? सहा वर्षं मी तुमच्या पूजेत नाटक केलं, त्याची माफी मागतो." त्यांची माफी मागायची होती, हे मला तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत कळलं नव्हतं. मी समजत होतो की मी फक्त देवाला आणि तुम्हाला फसवतोय.

आता नारळाचं काय, हा प्रश्न उरला. सुपरवायझरनं हात पुढे केला होता, पण मला आमच्या मावशी दिसल्या. त्या शॉपमधला कीस झाडतात, वीस वर्षं झाली. प्रत्येक मशीनच्या खाली त्यांचा हात फिरलेला आहे. मी नारळ त्यांच्यापुढे धरला.

"मी? सायेब, गरिबाची चेष्टा करता का?"

"नाही मावशी. इथं सगळ्यांत जुन्या तुम्ही."

हात मागे घेत सुपरवायझर म्हणाला, "बरोबर आहे. मावशी, फोडा." त्यांनी पदर खोचला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि एका दणक्यात नारळाची दोन शकलं केली. पाणी माझ्या बुटांवर. सगळ्यांनी जयजयकार केला, आणि मी गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदा त्या पूजेत हात मागे बांधून, ताठ मानेनं उभा होतो. मावशी खोबरं वाटत माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. "तुमी खाता का, का तुमाला नाय चालत?"

"खातो, मावशी. पेढा आहे का एखादा?"

त्यांनी दोन दिले. एक मी तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ला.

पप्पा, मला तुमचा फार अभिमान वाटतो. तुम्ही माळ ओवलीत, पेढा खायला लावलात आणि नारळ नाकारलात, आणि या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा हे समजायला मला पंचेचाळीस वर्षांचं व्हावं लागलं. आणि खरं सांगू, काल मला माझाही थोडा वाटला. त्या ऑपरेटरच्या कागदावर मी काम बघून सही करणार आहे, धर्म बघून नाही, आणि काम त्याचं चोख आहे. नाताळचा फराळ यंदा शॉपमध्ये घेऊन जायचा असं बायकोला सांगून टाकलंय. ती म्हणाली, किलोभर मैद्यात भागणार नाही.

हा कागद घडी करून व्हर्नियरच्या पेटीतच ठेवतो, तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरी जागा नाही. फक्त एक राहिलं. काल सुटताना तो पेठकडचा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, लय बरं बोललांत. ते खऱ्या पूजेत खोटं नको म्हणालांत ना, ते मी घरी सांगनार." वाक्य तुमचं आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग नुसती मान हलवली आणि गाडीला किक मारली.