पडद्यावरची खाडी

७ सप्टेंबर १९९९, मंगळवार

दिवसभरात चार शब्द लिहिले. "खेकड्याला हात लावू नका." त्यातला 'नका' दुपारी परशुरामने उडवला आणि प्रश्नचिन्ह टाकलं. "खेकड्याला हात लावू?" कांता टाळी वाजवून म्हणाली, "काका, आता सगळे लावणार!" म्हणजे आजचं माझं वाङ्मय तीन शब्दांचं. तेही दुसऱ्याने सुधारलेलं.

सत्तावीस वर्षं पेपरचा ठाणे जिल्ह्याचा वार्ताहर होतो. खचलेले पूल, कोरडे नळ, मंत्र्यांचे दौरे. आता नौपाड्यात पिठाच्या गिरणीच्या माडीवर बसतो. पाटी 'खेळिया डिजिटल'. मालक परशुराम, वय अठ्ठावीस. प्रोग्रामरही तोच. चित्रं काढते कांता, ठाकुर्लीची. आणि मी — संस्कृतचा एम.ए., बटणांवरचा मजकूर लिहिणारा. दिवसभर खालून पीठ उडतं. संध्याकाळी तिघांचे केस सारखेच पांढरे.

काम असं — कल्याणच्या एका शेठचा मासळीचा मसाला आहे. त्याची वेबसाइट करायची. (शेठ स्वतः शाकाहारी!) परशुराम म्हणतो, 'आमच्याविषयी' आणि 'संपर्क' कोण वाचतं? लोकांना खेळू द्या. म्हणून पडद्यावर एक खाडी. माउस फिरवला की पाणी हलतं. खेकडा पकडून हंडीत टाकला की कालवणाची कृती उघडते. इतकं बिनकामाचं काम आयुष्यात प्रथमच करतोय. फार आवडतंय.

डोंबिवलीला घरी आलो तेव्हा बायको, मंजुळा, खिडकीशी. यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी तिला झटका आला. पाय सावरला, उजवा हात अजून जड आहे. वाचा गेली ती गेलीच. कळतं सगळं, शब्द येत नाही. डॉक्टर म्हणालेले, "पहिल्या वर्षात जे परत येईल ते. पुढे अवघड." तेव्हापासून पुढचा मार्च किती महिन्यांवर आला ते मी मोजत नाही.

"खेकड्याला हात लावू?" तिला म्हणून दाखवलं. हसली. हसायला शब्द लागत नाहीत, तेवढं बरं.

१३ सप्टेंबर

गणपती. मंजुळेने डाव्या हाताने मोदकाला कळ्या पाडल्या. मी म्हटलं, "हा मोदक की कोबी?" पूर्वी तिथल्या तिथे आलं असतं — "जल्लं मेलं तुझं संस्कृत! खा गुपचूप!" आज तोंड उघडलं, मिटलं.

कोबी मीच खाल्ला.

२१ सप्टेंबर

कांताला खाडी बघायची होती. "काका, मी पाणी काढते ते बादलीतलं वाटतं." म्हणून दुपारी तिला घेऊन बाळकुमला, मंजुळेच्या माहेरी. तिचा भाऊ गोमाजी जाळं दुरुस्त करत बसलेला. आम्हांला बघून म्हणाला, "काय भटजी, आमचा चिखल आता कंप्युटरमदी नेताव काय?"

ओहोटी होती. ही मंडळी तिला सुकती म्हणतात. दूरवर नुसता चिखल, चांदीच्या ताटासारखा. त्यावरून निवट्या चालत होत्या — डोक्यावर डोळे असलेले मासे, कुठे जायचं ते विसरल्यासारखे. कांताने चपला काढल्या आणि गुडघाभर आत! वहीत चार निवट्या काढल्या, त्यातली एक हुबेहूब परशुराम.

आम्ही चहा घेत होतो तोवर पाणी आलं. आवाज नाही, गडबड नाही. बघता बघता चिखल गेला, होड्या उचलल्या गेल्या. कांता उभीच राहिली. "काका, मग आपल्या खाडीत पाणी एका जागी का उभं? ते पण येऊ दे ना, जाऊ दे ना!"

गोमाजी म्हणाला, "चांदावर ध्यान ठेवायचा. पुनवेला चांद उगवतो तवा पानी नसतं. तो डोक्याव आला का भरती." मग माझ्याकडे न बघता, "मंजुला बोलली का काय?"

"नाही अजून."

"ती गप रवल? लहानपनी भरतीशी पन भांडायची ती." जाळ्याची गाठ त्याने फार जोरात ओढली.

२८ सप्टेंबर

ऑफिसात एकच फोन. तो इंटरनेटला जोडला की आधी चीत्कारतो, मग खरखरतो, मग दूरवर कुणी शिटी वाजवल्यासारखं होतं. कांता कानांवर हात ठेवते. मी ऐकत बसतो. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. त्याला पूर्वी ट्रंक कॉल म्हणत.

एकाहत्तर साल. मी नवा वार्ताहर. बातमी मुंबईला फोनवर ओरडून सांगायची. "ठाण्याच्या खाडीला पूर! किनाऱ्याच्या घरांत पाणी!" एवढ्यात मधूनच एक बायकी आवाज — "पूर नाही हो, उधाण आहे. आज पुनव. उगाच लोकांना घाबरवू नका."

टेलिफोन ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं. नोकरी जाते. लाइनवर नुसती खरखर. मी हळूच म्हटलं, "उधाण. ध ला काना द्या." दुसऱ्या दिवशी बातमी नसताना कॉल बुक केला. मग बातमी नसतानाच करत राहिलो. आवाजाशी आधी लग्न ठरलं, चेहरा नंतर बघितला. भटाच्या घरी कोळ्याची मुलगी — त्याचं उधाण वेगळं, ते इथे नको.

तेव्हा मंजुळा लाइन तुटायची वेळ आली की सांगायची, "हलू नका. हललात की तुटेल." माझ्या हलण्याचा आणि लाइनचा काय संबंध? तरी मी पुतळा व्हायचो.

६ ऑक्टोबर

परशुरामने खाडीला भरती-ओहोटी दिली! मी पंचांग वाचत गेलो, तो तिथी भरत गेला. हिशोब सोपा — तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. "काका, हा तर फॉर्म्युला आहे! कुठून आणला?" सासऱ्यांकडून. त्यांनी दिलेला एकमेव हुंडा.

आता ज्या वेळी साइट उघडाल त्या वेळची खाडी. सकाळी बघाल तर होड्या, दुपारी बघाल तर चिखल आणि निवट्या. कांता म्हणते, "कुणाला कळणारच नाही की हे खरं आहे." कळायला कशाला हवं? खरं असलं म्हणजे झालं.

शब्द मात्र परशुरामने आणखी कमी करायला सांगितलेत. मराठी अक्षरं चित्र करून टाकावी लागतात, म्हणून पान जड होतं. "काका, तुमच्या एकेका अनुस्वाराचं वजन पडतं हो." पाठशाळेत गुरुजीही हेच म्हणायचे, वेगळ्या अर्थाने.

१५ ऑक्टोबर

पान उघडेपर्यंत लोक वाट बघत बसणार. तिथे काय लिहावं? परशुराम — "लोडिंग." मी — "पाणी चढतंय…" माझं राहिलं. आनंद!

१६ ऑक्टोबर

पहाटेचं स्वप्न. घरात खाडी आली होती, घोट्याएवढी. कुणीच घाबरलेलं नव्हतं. मंजुळा स्विचबोर्डावर बसून एकेक पिन काढून दुसरीकडे लावत होती आणि प्रत्येक भोकातून निवटी बाहेर डोकावत होती. ती म्हणत होती, "बोला. बोला. बोला." मला बोलता येत नव्हतं.

उठलो तर ती शेजारी जागी. स्वप्न सांगितलं. तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या.

१ नोव्हेंबर, सोमवार

शेठ आले. दुपारी एकला. आश्विन वद्य नवमी. एवढं पंचांग पाजलं पोरांना, आणि भेटीची वेळ ठरवताना मीच विसरलो! पडद्यावर अथपासून इतिपर्यंत चिखल.

"पाणी कुठाय?"

"शेठ, आत्ता ओहोटी आहे," मी म्हटलं. "साडेसहाला आलात तर—"

"साडेसहाला मी देवळात असतो." शेठनी चष्मा पुसला. पीठ होतंच. परत बघितलं. "अहो, मी मसाला विकतो. चिखल बघून कोणाला जेवावंसं वाटेल?"

कांता म्हणाली, "पण शेठ, खाडी अशीच असते."

"असू दे तिकडे. माझ्या साइटवर कायम भरती पाहिजे. भरलेलं पाणी, भरलेली हंडी. शुभ दिसतं. डिसेंबरअखेर द्या." जाताना निवटीकडे बोट दाखवून, "हा बेडूक पण काढा."

परशुरामने माउस बाजूला सारला. मग — "काका, क्लायंट आहे. करावं लागेल." कांता रडली नाही, पण पेन्सिलला उगाचच टोक करत बसली. पार संपेपर्यंत.

६ नोव्हेंबर

दिवाळी म्हणून परशुरामने ऑफिसचा जुना कंप्युटर मला दिला. टेम्पोतून मांडीवर घेऊन आलो, दिवाळसणाच्या जावयासारखा. त्यात आपली पहिली खाडी आहे — येणारी, जाणारी. खिडकीजवळ मांडला. मंजुळेचा डावा हात माउसवर ठेवला. हात थरथरला तसं पाणीही थरथरलं.

मनात एकच. ही तिची खाडी आहे, वेळेवर येणारी. ती बघून कधीतरी शब्द येईल. डॉक्टरांना सांगितलं नाही. हसले असते.

१० नोव्हेंबर, भाऊबीज

गोमाजी आला. ओवाळणं डाव्या हाताने झालं. मग दोघं भावंडं पडद्यासमोर. त्याने घड्याळ बघितलं, पडदा बघितला, खिडकीतून आभाळ बघितलं. "भटजी, पानी बरोबर हाय तुमचा." एवढं प्रशस्तिपत्र मला विद्यापीठाने दिलेलं नाही!

मंजुळेने खेकडा पकडला, हंडीत टाकला, परत बाहेर काढला. गोमाजी म्हणाला, "बोल ना गो काय तरी. शिवी तरी दे." ती त्याच्या मनगटावर थोपटत राहिली.

२४ नोव्हेंबर

बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्याला येते. चित्रं दाखवते. "काकू, हे काय? क… क…" कप. मंजुळा भिंतीकडे तोंड करते. जिने अर्ध्या जिल्ह्याला एकमेकांशी जोडलं तिला कप विचारतात.

खाडी मात्र रोज बघते. सकाळ-संध्याकाळ. मी विचारतो, "बरोबर आहे ना पाणी?" मान हलवते. बरोबर. बस्स, तेवढंच. एवढं बरोबर करून ठेवलं आणि तिला म्हणायला काही उरलंच नाही की काय? नाही — हे लिहायला नको होतं.

१० डिसेंबर

शेठची खाडी झाली. कायम भरती. कांताने चिखलाचा थर पुसला. बेडूक काढला — म्हणजे निवटी. दिवसभर नुसती गिरणी चालू.

पाणी निळं, तुडुंब. दिसतं छान. पण जातच नाही कुठे. बघत राहिलं की गुदमरतं.

२१ डिसेंबर

साइट परवा शेठच्या स्वाधीन करायची. शब्द एकदा घरी तपासा म्हणून परशुरामने डिस्क दिली. घरच्या यंत्रात घातली, तर नव्या खाडीने जुनी बुडवली. "जुनी ठेवू?" असं यंत्राने विचारलं असणार, मी 'नको'वर टिचकी मारली असणार. बटणांचा मजकूर लिहिणारा बटण वाचत नाही!

मंजुळा झोपलेली होती. उद्या परशुरामकडून जुनी परत आणीन. तिला खोटं पाणी दाखवायचं नाही.

२२ डिसेंबर, बुधवार

नाहीच आणली. कामात राहून गेलं.

दत्तजयंती. दिवेलागणीला शब्द तपासत बसलो होतो. पडद्यावर काठोकाठ पाणी, होड्या डुलतायत. बाजूला खिडकीत चंद्र नुकता वर येत होता — पितळी परातीएवढा, तांबूस. मागे मंजुळेची खुर्ची करकरली.

"जल्लं…"

खरखर. मग परत—

"पुनव… ना. सुकती. भटा… सुकती!"

मी वळलो नाही. श्वासही घेतला नाही. हललो असतो तर लाइन तुटली असती.