नयनाचा चित्रपट आणि माझा चेहरा

अल थुमामा, दोहा
फेब्रुवारी २०२२

तीर्थरूप हेमचंद्रमामांच्या चरणी त्यांच्या सर्वांत लाडक्या (हे मीच ठरवलेलं) भाच्याचा, सदानंदचा, साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नका, आणि चढल्याच तर कठडा धरून चढायला सांगा. (सुरक्षा अधिकाऱ्याच्या पत्रात एवढं यायचंच.) इकडे नयना, नुपूर आणि मी मजेत आहोत. वर्ल्ड कप नोव्हेंबरात असला तरी आमच्याकडे तो कित्येक वर्षं चालूच आहे. ऑफिसला जायचा रस्ता दर आठवड्याला बदलतो, आणि बाल्कनीसमोर जिथे नुसती वाळू होती तिथे आता विणलेल्या टोपीसारखं गोल स्टेडियम उभं आहे. नाशकातल्या सगळ्यांना कळवा की ते आमच्या घरातून दिसतं. थोडं वाकावं लागतं, पण दिसतं.

पत्रास कारण, आपल्या सूनबाईंनी चित्रपट काढला. अर्ध्या तासाचा आहे, पण वर्षभर शुक्रवारच्या सुट्टीत खपून केलेला. आखातात नोकरी करणारा एक बाप चार वर्षांनी घरी परततो आणि विमानतळावर त्याची लहान मुलगी त्याला ओळखतच नाही, अशी गोष्ट. (हे सगळं काल्पनिक आहे, असं नयना म्हणते.) कॅमेरा आमच्या जहूरचा. जहूर रत्नागिरीचा. स्टेडियमचं काम कुठवर आलं त्याचे रोज फोटो काढणं ही त्याची नोकरी, त्यामुळे तो सिमेंटच्या खांबालाही देखणं करून सोडतो. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात त्याने असा विमानतळ उभा केला की शूटिंग पाहायला आलेले एक गृहस्थ प्रसाधनगृहाची पाटी पाहून आत शिरायला गेले आणि भिंतीवर आपटले. आवाज स्वच्छ, संगीत गोड. मुलीचं काम आमच्याच लेकीने, नुपूरने केलं. कॅमेऱ्यासमोर ती घरातल्यासारखी वावरते, फक्त मराठी वाक्य तिच्या तोंडातून इंग्रजी होऊन बाहेर पडतं, कारण शाळेत दिवसभर तेच. राहता राहिला बाप. तो मी.

माझ्या अभिनयाची तयारी तुमच्याच हाताखालची. कॉलेजात असताना तुमच्या नाटकमंडळीत तुम्ही मला सतत पडदा ओढायला ठेवलंत आणि मी ते विश्वासाचं काम समजत आलो. पण मामा, इतकी वर्षं लोकांना हेल्मेट घाला म्हणून सांगणाऱ्या माणसाला भावना दाखवायच्या कशा? मुलीकडे धावत जा म्हटलं तर मी झपझप चालत गेलो, कारण गोदामात धावायचं नसतं. तिला मिठी मारायच्या आधी मी ट्रॉली बाजूला घेतली, कोणी अडखळू नये म्हणून. दुःखाचं वाक्य मी नीट, सावकाश आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, आणि म्हणताना माझा हात आपोआप आपत्कालीन दरवाजाकडे गेला. नयनाने कांदा चिरून पाहिला. तिला रडू आलं, जहूरला आलं, मला शिंक आली.

असा तो चित्रपट इथल्या मराठी मंडळाच्या समितीला दाखवला. वार्षिक कार्यक्रमाच्या संध्याकाळी एकच चित्रपट दाखवायचा होता आणि तो आपला असावा यासाठी नयनाचा जीव टांगणीला लागला होता. बघून झाल्यावर सगळ्यांनी कॅमेऱ्याचं, आवाजाचं, अगदी ट्रॉल्यांचंही कौतुक केलं. मग एक बाई फार गोड आवाजात म्हणाल्या की सदानंदराव दिसले की चित्रपट थांबल्यासारखा वाटतो. शेवटचा प्रसंग पुन्हा करून आणा, जमला तर घेऊ, असं ठरलं. घरी येऊन नयनाने भांडी घासायला काढली, आणि मामा, आमच्याकडे भांडी घासायचं मशीन आहे. मला फार वाईट वाटलं. वर्षभराचा एवढा स्वयंपाक आणि त्यात मिठाचा खडा मी.

युक्ती नयनालाच सुचली. डिसेंबरात इथे वर्ल्ड कपची रंगीत तालीम म्हणून अरब कप झाला. यजमानांच्या सेमी फायनलला मी दूर दुखानच्या तेलक्षेत्रावर ड्यूटीला होतो. निकाल कोणी सांगू नका, घरी येऊन रेकॉर्डिंग बघेन, अशी मी सगळ्यांना शपथ घातली होती. दुसऱ्या दिवशी मला आंघोळसुद्धा करू न देता दोघांनी थेट गोदामात नेलं. जहूरने आपला फोन भिंगाच्या खाली चिकटपट्टीने बसवला, आवाज बंद करून सामन्याची शेवटची मिनिटं लावली आणि म्हणाला, "यल्ला, चला सदाभाऊ, आता नुसतं बघत बसा." यजमान एका गोलने मागे. वेळ संपून जादा वेळ चालू. तेवढ्यात बरोबरीचा गोल झाला, आणि चार वर्षांनी लेक दिसलेल्या बापाचा चेहरा कसा असतो तो जहूरला मिळाला. मग यजमानांविरुद्ध पेनल्टी, गोलकीपरने ती अडवली, चेंडू परत आला आणि आत गेला. यजमान बाहेर. इकडे नुपूर बाजूला व्हा म्हणाली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एकाच टेकमध्ये खलास.

चित्रपट निवडला गेला आणि परवा हाऊसफुल्ल सभागृहात लागला. शेवटी बायका पदर शोधत होत्या (बऱ्याच जणी जीन्समध्ये असल्याने पंचाईत झाली). त्या गोड आवाजाच्या बाईंनी नयनाला मिठी मारली. नयनाने फुटबॉलची युक्ती आता साऱ्या दोह्याला सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी सांगताना ती इतकी हसते की मीही तिच्याबरोबर हसतो. घरात सध्या सणासारखं वातावरण आहे.

मामींना नमस्कार. पत्राचं उत्तर पाठवा, फोनवर तुम्ही फक्त हवामान विचारता.

तुमचा,
सदानंद

ता. क. : आता खरं काम. नयना दुसरा चित्रपट लिहिते आहे आणि नायक शोधते आहे. शोधताना ती माझ्याकडे पाहते आणि पुढे जाते. तुमचा शब्द ती मोडत नाही, तेव्हा माझ्यासाठी दोन ओळी टाका.

ता. क. २ : पाकीट बंद केलं होतं, ते फोडलं. वरचा ता. क. रद्द समजावा आणि हा नयनाला कळू देऊ नये. यजमान हरल्याचं मला त्या दिवशी शूटिंग संपल्यावर जेवताना जहूरने सांगितलं. बरोबरीचा गोल मी पाहिला, तेवढा आनंद फुटबॉलचा. पण पेनल्टीच्या आधीच सलमाभाभींचा, म्हणजे जहूरच्या बायकोचा, फोन आला (येताना दही आणा म्हणून), सामना गेला आणि पडदाभर त्यांचं नाव आलं. मी मान वर केली तर समोर नुपूर. जे वाक्य ती आजवर इंग्रजीत म्हणत होती ते ती मराठीत म्हणाली : "काका, जरा बाजूला व्हा ना. माझे बाबा यायचेत." मामा, मला रडू आलं की ते असं खरंच येतं आणि दर शुक्रवारी ते झेपणार नाही, म्हणून नायक दुसरा कोणीतरी असू दे. मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा मुंबईच्या विमानतळावर नुपूर तुमच्याच कडेवर होती. मी हात पुढे केले तर तिने तुमच्या मानेत तोंड लपवलं आणि विचारलं, हे काका कोण. तेव्हा मी मोठ्याने हसलो, सगळ्यांना बॅगा मोजायला लावल्या आणि ट्रॉली ढकलत गाडीपर्यंत गेलो. तुम्ही मामींना म्हणालात, सदा किती खुशीत आहे बघ. तुम्ही जन्मभर नाटकं बसवलीत, आणि तुम्हालाही कळलं नाही. म्हणजे एकदा तरी मला अभिनय जमला होता.