मोठा स्मोकर आणि माझं नाक

१९ जुलै २०२२

नाक अजून बंदच! कोविड आठवड्यापूर्वी गेला, जाताना वास घेऊन गेला. आज चिरलेला कांदा नाकाशी धरला — डोळ्यांत पाणी, वास शून्य. चव तर कशालाच नाही. बायको, चारुता, म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवता येणार नाहीत." सहानुभूती असावी तर अशी.

दत्तप्रसाद आणि कुमारला सांगायचं नाही. ऑक्टोबरात बार्बेक्यूची स्पर्धा. आमच्या टीममध्ये ट्रेलर दत्तप्रसादचा, उत्साह कुमारचा आणि जीभ माझी. ती गेली हे कळलं तर मी उरतो फक्त लाकडं वाहायला.

२४ जुलै

गटारी उरकली. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; पॉइंट कुकचा वारा असा की मांस शिजायच्या आत माणसंच गारठतात. धुरावर मांस भाजायच्या आमच्या छोट्या स्मोकरमध्ये लँबचे दोनच खांदे मावतात. माणसं पंचवीस. दुपारचं जेवण साडेचारला! "आता मोठा घ्यायचाच," दत्तप्रसादने जाहीर केलं. "स्पर्धेत लँब, पोर्क, चिकन, सगळं एकदम लागणार."

मग दोघं माझ्या तोंडाकडे. कसं झालंय? मी चावलं. ओली लोकर. "धूर किंचित जास्त झालाय," ठोकून दिलं.

"हो ना! मलाही तेच वाटलं!" — कुमार. घास अजून हातातच होता त्याच्या.

२९ जुलै

श्रावण लागला. महिनाभर चाखायला कोणी बोलावणार नाही. देवा, इतक्या मनापासून तुझे आभार कधी मानले नव्हते.

२० ऑगस्ट

लॅव्हर्टनच्या दुकानात तिघं. विक्रेता: "किती जणांचं जेवण, मेट?" कुमार: "पन्नास. मे बी ऐंशी." आपल्याकडे पाहुणे मोजत नाहीत.

दोन स्मोकर पसंतीला उतरले. एक भुशाच्या गोळ्यांवर चालणारा — तापमानाचा आकडा लावा आणि झोपा. दुसरा लाकडाचा, बाजूला भट्टी, म्हशीएवढा. त्याचा जाळ सतत सांभाळायचा, धूर कडवट झाला की नाकाने ओळखायचं. चार वर्षं मी गोळ्यांच्या स्मोकरला "वॉशिंग मशीन" म्हणतोय. आज त्याच्यावरून प्रेमाने हात फिरवला.

"बरा आहेस ना?" दत्तप्रसादने विचारलं.

"वय झालं रे," म्हटलं. निर्णय गणपतीत. दत्तप्रसादची अट — पितृपक्षाच्या आत घरात आला पाहिजे. पितृपक्षात मटण चालतं, खरेदी चालत नाही.

२१ ऑगस्ट

कॉफी हुंगली. काही नाही.

३१ ऑगस्ट

गणपती बसले. चारुताने एकवीस मोदक, अळूची भाजी, वरण, मसालेभात केला — एक थेंब न चाखता. नैवेद्य आहे ना. सगळे म्हणाले, मीठ अगदी नेमकं. (मला विचारू नका.) मी तिला म्हटलं, न चाखता जमतं कसं? "वीस वर्षं करतेय. हाताला कळतं."

मीही चार वर्षं करतोय. खांद्याचं हाड कधी सुटतं ते हाताला कळतं. धुराचा रंग डोळ्यांना कळतो — पातळ निळसर चांगला, दाट पांढरा वाईट. नाकाला एवढा भाव कशाला द्यायचा?

दत्तप्रसादला फोन केला. "म्हैस घेऊ."

९ सप्टेंबर

आली! ट्रेलरवरून उतरवताना कुमारच्या पायाचा अंगठा ठेचला. उत्साह मात्र शाबूत.

११ सप्टेंबर

पहाटे पाचला भट्टी पेटवली. धूर पातळ, निळसर. दुपारी दोनला हाड हातात अलगद सुटून आलं. घास तोंडाजवळ नेला आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा वास आला! जळक्या रबराचा. पाव हुंगला — ठीक. लिंबू — ठीक. पुन्हा मांस — रबर. म्हणजे मांस नव्हे, माझं नाकच बिघडून परतलंय.

दोघं माझ्या तोंडाकडे. घास खाली ठेवला. सगळं सांगून टाकलं. गटारीचंसुद्धा.

मग चार वर्षांत पहिल्यांदा मीच विचारलं, "कसं झालंय रे?"

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.