ओवाळायचा राहिलेला तुकडा

गुरुवार, ३० ऑक्टोबर
घोडेगावची म्हातारी अखेर नागापूरची झाली! नातीनं, दिशानं, कारखान्याजवळ खोली घेतलीय. एकटीला करमत नाही म्हणून मला आणलं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, ती लिहिते. म्हणाली, आजी, दिवसभर बडबडतेस, आता वहीत बडबड. लिही गं, हेही लिही. उंबऱ्याबाहेर थांबून मी तिला माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला लावला. लांबून आलेल्या माणसामागं काय काय आत येतं. हसून म्हणाली, या वयात तुझ्यामागं कोण लागतंय!

टीव्हीवर शनिवार-रविवारचं हवामान सांगत होते. परवा आंध्रच्या किनाऱ्याला लागलेलं चक्रीवादळ दमत दमत आपल्याकडं सरकतंय. राजस्थानात ऊन, दिल्लीत धुकं. देश केवढा! चालून चालून वादळसुद्धा म्हातारं होतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
दिशा सकाळी कामावर गेली आणि आभाळ फाटलं. तिसऱ्या प्रहरी दार वाजलं. दारात ही, नखशिखांत भिजलेली. म्हणाली, आजी, लई गारठलेय, आत घे. तुकडा आणावा असं मनात आलं होतं. मग म्हटलं, चार पावलांवरून आलेल्या पोरीला काय ओवाळायचं? घेतलं आत. डोकं न पुसताच वही घेऊन बसली.

शनिवार, १ नोव्हेंबर
रस्त्यावर कमरेएवढं पाणी. टीव्हीवाले म्हणाले, वादळाचा जोर संपला, जमिनीवर येऊन विरलं. मी म्हटलं, माझ्यासारखंच झालं बिचारं, आता कुठंतरी टेकायला जागा बघेल. दिशा हसली नाही. तिचे केस कालपासून वाळत नाहीत, तीनदा पुसले. भाकरीला शिवली नाही. कामचुकार, आळशी, नकटी, सगळं म्हणून पाहिलं, एक टोमणा उलट आला नाही. ही पोर, आणि गप्प! नुसती वही घेऊन समोर. पानं ओली होतात.

रविवार, सकाळ
फोन वाजला. हिरवं बटण दाबलं. दिशा होती. रडत होती. म्हणाली, शुक्रवारपासून कारखान्यातच अडकलेय, फोन लागत नव्हता, पाणी उतरलं की दुपारी येते, तू एकटी कशी आहेस गं. मी म्हणाले, एकटी नाही— आणि फोन बंद पडला.

हे समोर बसून ऐकत होतं. आता हेही लिहितंय.

रविवार, दुपार
बोलत राहिले की लिहितं. थांबले की पेन ठेवतं, उठतं. दार त्याच्या पाठीमागं. म्हणून बोलतेय— घोडेगावचा बाजार— आमचे बैल, सर्जा, चित्तर, लंगडा मोऱ्या— धाकट्या जावेचं भांडण, दोनदा सांगून झालं— घसा सोलवटला. दिशा आली की ओरडायचंय, आत येऊ नको. तेवढा आवाज राखायला हवा. पण गप्प बसले तर हे—

लिही. लिही, बाई. मी बोलते—

ऊन पडलंय
कडी वाजली. आजी, म्हणतेय. ही खरी.

दिशा, आत येऊ— आवाज नाही. दिशा, आत येऊ नको— घशातून नुसता वारा. ओठ हलतात, तेवढं हे लिहून घेतंय. तिला ऐकू जात नाही.

बाहेरून म्हणतेय, आजी, मीच गं, लई भिजलेय, आत घे.

नको— पोरी, मागं फिर— नको—

ह्यानं पेन ठेव